घासलेला कॅन आणि माझी किडनी

मला वाचवलं ते मयूर विहारच्या काकूंनी. आईच्या कुठल्याशा लांबच्या जाऊबाई. पण दिल्लीत मराठी माणूस भेटलं की लांबचं नातंही झटकन जवळ येतं. मी त्यांच्याकडेच राहायचो.

आठवीत शाळा सुटली म्हणून गुडगावच्या नव्याकोऱ्या काचेच्या इमारतीत लिफ्टचं बटण दाबायची जबाबदारी माझ्यावर आली. परदेशाशी धंदा करणाऱ्या साहेबांना ते अवघड जात असावं. उभं राहून राहून पायांची हाडं ठणकायला लागली. डॉक्टरांनी समजावलं, रक्तातून गाळलेलं बरंचसं फॉस्फेट किडनी परत ओढून घेते. माझी ते लघवीत सोडून देत असेल, तर हाडं मऊ पडणार. म्हणजे नोकरी गेली, चला गावी!

लॅबने एक कॅन दिला. दिवसरात्रीची लघवी त्यात साठवायची, शेवटी रक्त द्यायचं. दोन्हींतलं फॉस्फेट आणि क्रिएटिनिन ताडून पाहून किडनी किती परत घेते ते काढतात. मी रजा टाकली. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अरे, कॅनमध्येच ना? सवयीने सोडून येशील!" माझी प्रगती अख्ख्या जिन्याला कळत होती.

रिपोर्टात फॉस्फेटच फॉस्फेट. मी मनातल्या मनात ट्रंक भरली. काकूंनी मात्र मला लॅबमध्ये नेलं आणि रांगेत माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

रिपोर्टातला आकडा बघून लॅबवाल्याने विचारलं, "आंटीजी, डिब्बा धोया था क्या?"

"तो? बाहर की चीज बिना घासे घर में कैसे लेने का? कपडे की पावडर से घासा. पानी नहीं था, एक लोटे में खंगाला."

त्याने कपाळाला हात लावला. फॉस्फेट त्या पावडरीतच असतं म्हणे! तर रिपोर्ट माझ्या किडनीचा नव्हता, काकूंच्या स्वच्छतेचा होता. आणि त्यात त्या अव्वल आल्या होत्या.

"गलती मेरी है, बच्चे की नहीं," काकू म्हणाल्या. "नया डिब्बा दो."

नव्या कॅनला त्यांनी बोटही लावलं नाही. दुसऱ्या रिपोर्टात किडनी फॉस्फेट नीट परत घेत होती. दुखणं उभं राहण्याचंच निघालं; डॉक्टरांनी कामावर बसायला स्टूल लिहून दिलं. ऑफिसने त्यावर मीटिंग घेतली आणि स्टूल आलं. नोकरी राहिली.

काकू, देव करो आणि तुम्हाला दवाखाना न लागो. पण लागलाच, तर रांगेत तुमच्यापुढे मी उभा असेन. हा शब्द.