गायनवृंदातली तात्पुरती नेमणूक

विषय : गावच्या चर्चच्या गायनवृंदात गिटार वाजवू देण्याबाबत.
संदर्भ : गायनवृंदाचे प्रमुख इनास मास्तर यांना दिलेला माझा अर्ज.

उपरोक्त विषयाबाबत सांगायचं तर, निवृत्तीनंतर काचबिंदूने माझी दृष्टी नेली आणि मग मी गिटार हाती घेतली. तेव्हापासून किस्से साचताहेत. जुन्या फायलींसारखे; कुणी मागत नाही आणि टाकवतही नाहीत.

गिटार घ्यायला बायकोबरोबर, म्हणजे फिलूबरोबर, तुळिंजला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, कलर एक नंबर! अंधारात पन चमकतो."

म्हटलं, "द्या मग. आमच्याकडे दिवसभर चमकेल."

*

शिकवायला ज्युलीबाई, शाळेतल्या शिक्षिका. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बघा काका, बोटं अशी." मी आज्ञाधारकपणे बघितलं. मग त्यांनीच माझी बोटं धरून तारांवर ठेवली.

पुढच्या वेळी माझं नेमकं कुठे अडतं ते कळावं म्हणून त्या स्वतः डोळे मिटून वाजवायला बसल्या. पहिल्याच कॉर्डला बोट चुकलं.

"काका, तुम्ही कसं हो करता?"

"असंच," मी म्हणालो.

*

गिटारच्या मानेवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. पाचवं आणि सातवं घर हाताला लागावं म्हणून फिलूने तिथे कडेला तांदळाचा एकेक दाणा चिकटवला. पाचव्याचा दाणा उंदराने पळवला. उरलेल्या दाण्याला पाचवं घर समजून मी आठवडाभर मन लावून रियाज केला.

ज्युलीबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, गाणं वसईत थांबलंय. तुम्ही दोन स्टेशनं पुढे विरारला पोचलात."

आता तिथे सुनेच्या नेलपॉलिशचे थेंब आहेत. उंदीर अजून तिकडे फिरकलेला नाही.

*

भास्कर हा माझ्याच ऑफिसातला, खाडीकडच्या गावचा. तो म्हणे, देव एक घेतो तेव्हा दुसरं देतो. तुझे कान आता तीक्ष्ण झाले असतील. मी सांगितलं, "कान तेच आहेत. साहेबांचं न ऐकण्यासाठी नोकरीभर वापरलेले."

एक खरं. तारा दाबून डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले आणि त्या बोटांनी ब्रेल लागेनाशी झाली. थोडक्यात, बोटांनाही काचबिंदू झाला. हल्ली उजव्या हाताने वाचतो.

*

एवढं सगळं कशासाठी, तर चर्चच्या सणाच्या मिस्साला, म्हणजे मोठ्या प्रार्थनेला, गायनवृंदात वाजवावं एवढीच इच्छा होती. इनास मास्तर संकोचून म्हणाले, सुरुवातीची खूण मी हाताने करतो, ती तुम्हाला दिसणार कशी? विचार करावा लागेल, लेखी द्या. लेखी देणं हा तर माझा धंदा. दिलं. निर्णय होईपर्यंत सरावाला या, म्हणाले. तात्पुरती नेमणूक म्हणजे काय, हे कारकुनाला शिकवावं लागत नाही.

सरावात माझी सुरुवात एकदाही चुकली नाही. सगळे चकित. भास्करला तर देवाने शिफारस केल्याचा पुरावाच मिळाला.

सणाच्या दिवशी पहिलं गीत सुरू झालं आणि मी गिटार मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. दुसऱ्या कडव्याला कसाबसा शिरलो, तोही पाहुण्यासारखा.

मिस्सानंतर मास्तर जवळ आले. "काय झालं? रोज तर बरोबर उचलता."

मी म्हटलं, "मास्तर, हात उचलण्याआधी तुम्ही टाचा उचलता. तेव्हा तुमचे बूट करकरतात. आज ते बोललेच नाहीत."

"सणाला म्हणून नवे घेतले," मास्तर म्हणाले, आणि निघून गेले. घरी येताना फिलूला मीच म्हटलं, अर्ज फेटाळला समज.

पुढच्या रविवारी मात्र पहिल्या गीताआधी ती ओळखीची करकर झाली. मी बरोबर उचललं. फिलूने नंतर सांगितलं, मास्तरांचे कपडे सगळे सणाचेच होते, फक्त बूट जुने.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.