बेटावर भरलेली ओटी

ह्या धाग्यावरचे अनुभव मी गेली काही वर्षं जेवताना वाचते आणि हसते. पांढरी साडी, उलटे पाय, गाडीच्या मागच्या सीटवर बसलेलं कोणीतरी... माझा ह्यातल्या कशावरही विश्वास नव्हता. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅच बघते. तिथे हरवलेला प्रत्येक बॉक्स शेवटी कोणाच्या तरी चुकीनेच हरवलेला निघतो, भुताने नेलेला अजून एकही सापडला नाही. तेव्हा हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा.

आधी घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं माहेर पडघ्याजवळ. सासर होतं, आता नाही. घटस्फोटानंतर मी कामतघरला भाड्याच्या खोलीत एकटी राहते. माहेरी दादा-वहिनी आहेत. नवऱ्याला सोडून आल्यापासून तिथे माझी ओटी भरली गेली नाही. हळदीकुंकवाला बायका बसलेल्या असल्या की वहिनी ताट घेऊन माझ्यापर्यंत यायची आणि म्हणायची, "ताई, जरा आत जाऊन दूध बघतेस?" मी आत जायचे. गॅसवर दूध नसायचंच.

ह्या बाबतीत माझ्या आधी आमच्या घरात एकच बाई होती — माझी आत्या. ऐन विशीत विधवा होऊन परत आलेली. तिची ओटी कोणी भरायचं नाही आणि तिनेही कोणाची भरायची नाही. मग ती काय करायची, मी लहान असताना मला मागच्या पडवीत न्यायची, माझ्या फ्रॉकचा घेर पुढे धरायला लावायची आणि त्यात तांदूळ घालायची. "घट धर गो, सांडशील!" असं दर वेळी. आणि भरून झाली की हात पुढे करून, "आता चार दाने मना परत दे. म्हायेर रिकामा करून जाऊ न्हाय." आमच्याकडे रीतच आहे तशी, ओटीतले चार दाणे माहेरी ठेवून निघायचं. मी चार दाणे द्यायचे, ती ते पदराच्या टोकाला बांधायची. हा आमचा खेळ होता.

तिची खरी ओटी विधवा झाल्यावर एकदाच भरली गेली. माझ्या आजोबांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा अंगठा तिच्याकडून घेतला, त्या दिवशी. नवीन लुगडं, नारळ, सगळं. "मंग परत कदी न्हाय," असं ती मला म्हणाली होती, रडत वगैरे नाही, भाजी निवडता निवडता. शेवटी ती त्याच पडवीत गेली.

तर... यंदा दादाने ती जमीन गोडाऊनसाठी द्यायचं ठरवलं. आणि वहिनीचा फोन आला. "ताई, रविवारी जेवायलाच ये गं. तुझी ओटी भरते. किती वर्षं झाली! आणि येताना आधार कार्ड ठेव बरोबर, सोमवारी दादांबरोबर जाऊन सही करून टाकू."

हक्कसोडावर सही केली तर माहेर राहील, ओटी भरत राहू असं दाखवतील. नाही केली तर दार बंद. मला हे स्वच्छ कळत होतं. लाज वाटते सांगायला, पण "ओटी भरते" ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी सही करणार होते.

त्याआधी एक रात्र कुठेतरी एकटीने काढायची म्हणून मी शुक्रवारी सुट्टी टाकली. माझ्याकडे हवा भरायची एक कनू, म्हणजे छोटी होडी, आहे, सेकंडहँड घेतलेली. ऑफिसच्या एका पिकनिकला वल्हवायला शिकले आणि नाद लागला. आमचं जुनं गाव धरणात गेलं, त्याचं टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. त्याचंच आता बेट आहे. आत्याचा जन्म तिथला. धरणाचं नाव देत नाही, तिथे तंबू ठोकायला परवानगी नाही.

काठावर बारकूकाका जाळं साफ करत बसले होते. लांबच्या नात्यातले आहेत.

"एकटीच चाललीस?"

"एकटीच."

"तिकडं कोन जात न्हाय गो. जाग्यावर माकडं पन न्हाईत."

"मग बरंच आहे की," मी म्हटलं आणि वल्हं मारलं.

बेटावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बेट केवढंसं, अर्ध्या तासात सगळं फिरून झालं. करवंदीच्या जाळ्या, एक पडका चौथरा, बस. माणूस नाही, होडी नाही, चूल केल्याची खूण नाही. तंबू लावला, मॅगी करून खाल्ली आणि पाण्यावर तोंड धुवायला उतरले. अंधार पडायचा होता, समोरच्या काठावर बारकूकाका दिसत होते.

तोंड पुसायला टॉवेल दोन्ही हातांत धरला होता. मागून, अगदी खांद्याजवळून, आवाज आला.

"घट धर गो, सांडशील!"

मी वळले नाही. का नाही, ते विचारू नका. मी काय केलं माहीत आहे? टॉवेलची दोन्ही टोकं धरून पुढे केली. ट्रॅकपँट, अंगात लाइफ जॅकेट, आणि मी ओटी धरून उभी!

टॉवेल जड झाला.

तांदूळ होते. तांबडे, हातसडीचे. एक हळकुंड, एक सुपारी. मग वळले. मागे ओला चिखल, त्यात फक्त माझ्या चपलांचे ठसे.

मी घाबरले नाही, हे खोटं वाटेल पण खरं आहे. मी चार दाणे काढले आणि हात पुढे करून उभी राहिले. खूप वेळ. कोणी घेतले नाहीत. कोणी मागितलेही नाहीत. शेवटी हात दुखायला लागला तेव्हा ते परत टॉवेलमध्ये टाकले आणि मग मात्र मी खूप रडले.

रात्री काहीही झालं नाही. निराश झाला असाल तर नाइलाज आहे.

सकाळी बारकूकाकांना विचारलं, काल तिकडे कोणी आलं होतं का. "न्हाय गो. तूच दिसलीस. पानी पुसायचा सोडून टावेल पसरून उभी व्हतीस, म्हटलं पोरीला झाला काय!"

रविवारी गेले. वहिनीने पाट मांडला, नवीन साडी दिली, ओटी भरली. पांढरे, पॉलिशचे तांदूळ. मग गोड हसून म्हणाली, "चार दाणे ठेव हं ताई, घराला बरं असतं."

मी पदराला गाठ मारली आणि उठले.

"अगं, दाणे!"

"नाही ठेवत," मी म्हटलं. "आणि दादा, उद्या सहीला येत नाही."

दादा माझ्याकडे बघतही नव्हता. "मग माहेर तुटलं समज," एवढंच बोलला. लागलं. फार लागलं. अजून त्या घरातून फोन नाही.

टेन्शनमुळे भास होतात, असं इथे कोणीतरी लिहीलच. लिहा. तांबडे तांदूळ माझ्या स्वयंपाकघरात बरणीत आहेत, कोणीही येऊन हात घालून बघावा. ते कुठून आले ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि त्याहून एका गोष्टीचं मुळीच नाही. खेळात आत्या चार दाणे मागायला एकदाही विसरली नव्हती. त्या संध्याकाळी मी हात पुढे करून उभी होते, तरी तिने मागितले नाहीत.