माझ्या अक्षरातली माफीपत्रं

मॅडमनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम खाली टाकला.

"उचल, मावशी."

आठ दिवसांच्या आजारपणानंतर कामावर आले, ती पहिलीच सकाळ. गंगापूर रोडवरचं खाजगी हॉस्पिटल. मॅडम तिथल्या व्यवस्थापक, मी वॉर्डातली मावशी. माझं वय एक्केचाळीस, मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. तरी मी त्यांची मावशी! मावशी म्हणायचं आणि एकेरीत हाकायचं, ही तिथली रीत. नाव कुणी विचारलंच नाही.

मी वाकले. किल्ल्या हाती आल्या, पण वर उठता येईना. कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. टेबलाचा पाय धरून तशीच राहिले, ओणवी. दारात दोन सिस्टर आणि रिपोर्ट न्यायला आलेला एक माणूस.

"बघा, वाकली की नाही?" मॅडम त्यांना म्हणाल्या. "मग दुखतंय कुठे? या लोकांना फुकटच्या सवलतींची सवय लागलीये."

हे लोक म्हणजे कोण, ते मला कळलं. तिथल्या सगळ्यांनाच कळलं. सिस्टर फरशीकडे बघत राहिल्या.

आणि गंमत ऐका. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कमरेचे डॉक्टर बसतात. त्यांच्या दाराशी फलक आहे, वजन उचलताना काय काळजी घ्यावी त्याचा. सहा वर्षं रोज सकाळी त्याच्यावरची धूळ मी पुसली. माझी कंबर दुखली की मात्र नाटक.

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "माफीपत्र लिही. मग वॉर्डात जा."

आमच्याकडे आजारी पडणं हाच गुन्हा. परत येणाऱ्या मावशीनं माफीपत्र दिल्याशिवाय हजेरी लागत नाही. कंबर दुखली की मजकूर ठरलेला. घरकामामुळे कंबर दुखल्याने गैरहजर राहिले, पुन्हा असे होणार नाही, माफी असावी. बहुतेक मावश्यांना लिहिता येत नाही. मी वस्तीतल्या विहारात शिकवणीला बसून दहावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. म्हणून सगळ्यांची माफीपत्रं मीच लिहायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता. मॅडम म्हणायच्या, "मावशी, अक्षर छान हं तुझं," आणि मी फुगायचे. जळो ते फुगणं.

"घरकामामुळे" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. हिराबाई आठवली.

हिराबाई वणीकडची, माझ्याच वॉर्डात होती. बाथरूममध्ये घसरणाऱ्या पेशंटला सावरताना तिची कंबर गेली. मी तिच्या माफीपत्रात लिहिलं, घरी पाण्याचा हंडा उचलताना लचक भरली. असंच लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तिनं विश्वासानं अंगठा दिला. पुढे ती पुन्हा अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला काढून टाकलं. भरपाईचा शब्द काढताच मॅडमनी तोच कागद तिच्यापुढे धरला. "घरचं दुखणं. तूच लिहून दिलंयस." अक्षर माझं होतं. हिराबाई मला एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा तिनं माझ्या दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि माझी कंबर कशानं गेली? सात नंबर कॉटवरचा जाडजूड पेशंट मी एकटीनं उचलून खुर्चीत बसवला. नियमानं दोघी लागतात. माझी जोडीदारीण तेव्हा मॅडमच्या घरी होती, त्यांच्या सासूबाईंना आंघोळ घालायला.

खरं लिहावं तर काम जाणार. नवरा वारलेला, पोरगी अकरावीला. आई आठवली. ती मनमाडला स्टेशनवर झाडू मारायची. मला ओढत शाळेत न्यायची आणि म्हणायची, "मी अंगठा देते, पण काय लिवलंय ते मला कळत नाय. तुला कळलं पायजे." मला कळत होतं गं आई. कळूनसवरून मी बायांचे गळे कापत होते.

लिहिलेली ओळ खोडली. खाली सगळं लिहून काढलं. सात नंबर कॉट, एकटी, जोडीदारीण कुठे होती तेही. शेवटी लिहिलं, यात माझी चूक नाही, मी माफी मागत नाही.

मॅडमनी वाचलं. "फाड हे. दुसरं लिही."

"नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"तसं लिहून द्या. आणि माझ्या कागदाची पोच द्या."

"पोच? तुझी लायकी काय गं?"

"लिहिता-वाचता येतं, एवढी आहे."

पोच दिली नाहीच. मी पोस्टात बसून तोच मजकूर पुन्हा लिहिला आणि रजिस्टरनं त्यांनाच धाडला. पावती घरी डब्यात ठेवली. मग तशीच हिराबाईकडे गेले. ती भिंत धरून उठली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुझा कागद पुन्हा लिहू. जे झालं तेच."

"लिव," ती म्हणाली. "पण या टायमाला आधी वाचून दाखव. मागं नाय दाखवलंस."

मान खाली घालून लिहिलं. दोनदा वाचून दाखवलं. मग तिनं अंगठा दिला.

सोमवारी आम्ही दोघी कामगार कार्यालयात जाणार आहोत. काम परत मिळेल की नाही, ठाऊक नाही. बाकीच्या मावश्यांनाही निरोप धाडलाय, या, तुमचे कागद नव्यानं लिहू. किती येतील, देव जाणे. नाही आल्या तरी मी जाणार. मॅडमच्या कपाटात माझ्या अक्षरातलं जेवढं खोटं पडलंय, त्याच्याविरुद्ध पहिली साक्ष मीच देणार.