चार बोटांचं वर्णन

वकिलीच्या ऑफिसात सर टेबलावर रूळ आपटायचे. शिसवी, गोल, टोकाला पितळी पट्टी असलेला. मी समोर उभी राहून साक्षीदाराला विचारायचे प्रश्न म्हणायचे, ते लिहून घ्यायचे, आणि माझं बोलणं त्यांच्या लेखणीच्या पुढे गेलं की रूळ खाली यायचा. एकदा तो माझ्या करंगळीवर आला. नख काळं पडलं. घरी आईनं विचारलं तेव्हा दारात बोट सापडलं असं मी सांगितलं.

"कॉन्व्हेंट," ते म्हणायचे. ऑफिसात त्यांनी मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. "मॅजिस्ट्रेट हातानं लिहितो. साक्षीदार काय बोलला ते कागदावर राहतं, हवेत राहत नाही. कागदावर आलं नाही ते बोललंच गेलं नाही. मग उलटतपासणी घेताना बघायचं कुणाकडे?"

"लेखणीकडे, सर."

"आणि लेखणी थांबेपर्यंत?"

"गप्प राहायचं."

"ते तुला छान जमतं."

ते खरंच होतं. शाळेत नन्सनी माझे उच्चार घासून पुसून लख्ख केले होते, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की ते सगळे उच्चार घशाशीच अडकत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्ही भाषांत कमी बोलायची सवय. वकिलीची सनद मिळाली तेव्हा वडील म्हणाले, ही कोर्टात काय करणार, खुणा? गिरगावातल्या त्या ऑफिसात सरांनी मला घेतलं ते वडिलांच्या ओळखीमुळे. सरांचा आवाज मात्र असा होता की साक्षीला आलेले हवालदार पिंजऱ्यात चढण्याआधी पाणी पिऊन घेत.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गिरणगावातून लॉऱ्या भरभरून माणसं उचलली जात होती आणि त्यांच्या केसेस चालवायला वकील पुरत नव्हते. एका दुपारी, पकडलेल्यांच्या घरच्यांना भेटायला म्हणून सर आणि मी लालबागला गेलो. नाक्यावर पोचलो तेव्हा रस्त्यावर चपलाच चपला पडल्या होत्या, आणि सोडावॉटरच्या बाटल्यांच्या काचा. फूटपाथवर एक माणूस बसला होता. त्याच्या डोक्याची कातडी पुढून सुटली होती आणि ती तो तळहातानं जागच्या जागी दाबून धरून बसला होता, वाऱ्यात टोपी धरावी तसा. वरच्या गॅलऱ्यांतून बायका अश्रुधुराच्या नळकांड्यांवर बादल्या ओतत होत्या. मग गोळ्यांचा आवाज आला, मला वाटला होता त्यापेक्षा बारीक, आणि आमच्या पुढून पळणारा एक जण एकदम खाली बसला. तो मांडीकडे बघत राहिला. त्याचा लेंगा बघता बघता काळपट झाला.

सर पुढे गेले. काळा कोट, पांढरे बँड्स, दोन्ही हात वर. आपण वकील आहोत, आपल्याला बोलायचं आहे, असं त्यांनी कोर्टातल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. समोरचा पोलीस अधिकारी त्यांच्याकडे वळलाही. पण काठी बाजूनं आली. जबड्यावर बसली तेव्हा सुका नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. सर गुडघ्यांवर आले आणि त्यांनी तोंडातून काहीतरी हातात काढून घेतलं. दात होते. दुसरी काठी खांद्यावर बसली, तिसरी पाठीवर.

मी दहा पावलांवर फायली छातीशी धरून उभी होते. त्या अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. संपूर्ण, निर्दोष वाक्य. ते तोंडातच राहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इस्पितळात सरांचे वरचे आणि खालचे दात तारेनं एकत्र बांधले. नळीनं पेज प्यायचे आणि चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचे. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "शनिवारची केस तू चालव." मी त्याखाली लिहिलं, "मला जमणार नाही." त्यांनी चिठ्ठी परत घेतली, खाली एक ओळ खरडली आणि माझ्यासमोर धरली.

"बोलून सांग."

मी बोलू शकले नाही, म्हणून केस माझ्याकडे आली.

आरोपी गिरणीच्या साचेखात्यात, मागावर काम करणारा विणकर होता, मूळचा कोकणातला, पस्तिशीचा. दोन महिन्यांपूर्वीच्या दंगलीत हवालदाराच्या डोक्यात दगड घातल्याचा आरोप. हवालदाराच्या डोक्याला टाके पडले होते. विणकराचं म्हणणं असं, की त्या दिवशी तो रस्त्यावर नव्हताच. जमाव त्यांच्या चाळीकडे पळत आला, मागून पोलीस, म्हणून त्यानं खालचं लोखंडी गेट आतून ओढून दोन्ही हातांनी गज धरून ठेवले. मागे जिन्यावर बायका-पोरं होती. बाहेरून काठ्या गजांवर आणि त्याच्या बोटांवर पडत राहिल्या. डावा हात त्यानं आधी सोडला. उजवा सोडेपर्यंत मारलं. ते गेट त्याच दिवशी उखडलं गेलं होतं, आणि शेजाऱ्यांपैकी साक्षीला यायला कुणी तयार नव्हतं, कारण निम्मे स्वतःच लपून होते.

त्याची बायको ऑफिसात आली होती. खुर्चीवर बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

"जेलचा काय नाय, बाय," ती म्हणाली. "म्हयने काय, निघान जातत. पण गिरणीतला नाव गेला नाय पायजे. शिक्षा झाली की नाव काढतत. मगे आमी खाऊचा काय?"

म्हणजे मला काय वाचवायचं आहे ते मला स्पष्ट ठाऊक होतं.

शनिवारी सर इस्पितळातून परवानगी काढून आले आणि माझ्या शेजारी बसले. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी. बोलता येत नव्हतं, पण टेबलाखाली पाय मोकळे होते. बूट चामड्याचे, जड.

सरकारी वकिलानं हवालदाराची साक्ष काढली. आरोपीला भर रस्त्यात पकडला, हातात दुसरा दगड होता, झटापटीत काठी त्याच्या हातावर बसली. मॅजिस्ट्रेट कागदावर वाकून सावकाश, सुबक अक्षरात लिहीत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला."

मी पहिला प्रश्न विचारला. निदान ओठ तरी हलले असावेत.

"साक्षीदारालाही ऐकू येऊ द्या," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"माझ्या विद्वान भगिनींना कुणीतरी पाणी द्या," सरकारी वकील म्हणाला, आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं.

त्या हसण्यानं मला जोर आला, पण भलताच. मी भरभर विचारू लागले. एक प्रश्न संपायच्या आत दुसरा. हवालदारही त्याच वेगानं उत्तरं फेकू लागला.

"पकडला कुठे?"

"रस्त्यात."

"रस्त्यात कुठे, चाळीपाशी?"

"चाळीपाशीच."

"गेटाच्या आत की बाहेर?"

"आत कसला, गज सोडील तर ना. मारमार मारला तेव्हा सोडला."

कोर्टात सगळ्यांनी ते ऐकलं. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचाही. तेवढ्यात सरांचा बूट माझ्या नडगीवर बसला, इतक्या जोरात की डोळ्यांत पाणी आलं. मी मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. त्यांच्या पेनातली शाई संपली होती. शिरस्तेदार दौत पुढे करत होता आणि ते मान खाली घालून पेन भरत होते. कागदावर शेवटचा शब्द "चाळीपाशीच" हा होता.

मी तो प्रश्न पुन्हा विचारला. मधल्या वेळात सरकारी वकील दोनदा खाकरला होता.

"रस्त्यात पकडला," हवालदार म्हणाला.

"आत्ताच तुम्ही म्हणालात, तो गज सोडत नव्हता."

"मी असं काय बोललो नाय."

"सगळ्यांनी ऐकलं आहे."

मॅजिस्ट्रेटनी कागद वर-खाली पाहिला. "माझ्याकडे असं काही नाही, बाई." ते खोटं बोलत नव्हते.

मी तशीच उभी राहिले. मागे विणकराची बायको होती, पण मी वळून पाहिलं नाही. गेट नव्हतं, शेजारी नव्हते, वाक्य गेलं होतं. हातात राहिला होता तो फक्त विणकराचा हात. मी विनंती केली की आरोपीला जवळ आणावं, आणि कोर्टाला जे दिसेल त्याची नोंद घ्यावी.

तो आला. त्यानं उजवा हात मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर, टिपकागदावर ठेवला. तो आपणहून सरळ होईना, म्हणून मी तो माझ्या हातात घेतला. परक्या पुरुषाचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. तो गरम होता आणि बोटं लाकडासारखी.

मग मी वर्णन करायला लागले. एक वाक्य, आणि लेखणी थांबेपर्यंत थांबणं.

"चारही बोटांची मधली हाडं मोडून वाकडी जुळली आहेत."

लेखणी चालली. थांबली.

"चारही बोटं एकाच सरळ रेषेत मोडली आहेत."

थांबले.

"मधल्या दोन बोटांची नखं मुळापासून गेली आहेत."

प्रत्येक थांब्यात मला ती काठी खाली येताना दिसत होती. एकदा नव्हे. हाताकडे बघून कळत होतं की एकाच जागी ती किती वेळा आली असेल. हाड मोडल्यावरही आली होती, आणि मोडलेलं हाड आत घुसल्यावरही.

"बोटांच्या आतल्या अंगालाही जखमेचा वण आहे. सरळ, आडवा, साधारण अंगठ्याएवढ्या जाडीचा. बाहेरच्या माराच्या बरोबर समोर."

लेखणी.

"अंगठ्याला काहीही झालेलं नाही."

मी हवालदाराकडे वळले. "दगड धरलेल्या मुठीवर काठी बसली, तर बोटांच्या आत ही आडवी जखम कशानं झाली?"

त्यानं हाताकडे पाहिलं. "म्हाईत नाय," म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी ते लिहिलं. मी अक्षर न् अक्षर कागदावर उतरताना पाहिलं.

इथे काम झालं होतं. पण कोर्टात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती, माझ्या आवाजामुळे झालेली, आणि ती मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. मी तो हात आणखी थोडा वर उचलला.

"हा हात यापुढे मिटणार नाही," मी म्हणाले. "मागावर तुटलेला धागा हा पुन्हा सांधू शकणार नाही. कामाच्या दृष्टीनं हा हात मेलेला आहे."

सरांचा बूट पुन्हा नडगीवर बसला. मला कळेना, कारण मी तर सावकाश बोलत होते. लेखणी थांबेपर्यंत थांबले. सगळं लिहून झालं.

महिन्याभरानं निकाल लागला, विणकर निर्दोष सुटला. निकालपत्रात हाताचं वर्णन जवळपास माझ्याच वाक्यांत होतं. मी ते तीनदा वाचलं. प्रमाणित नक्कल काढून त्याच्या डाव्या हातात दिली आणि सांगितलं, हे गिरणीत दाखवा, कोर्टानं सोडलंय म्हणावं, नाव काढता येणार नाही त्यांना. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं कागद कपाळाला लावला.

आठवड्यानं त्याची बायको आली. सरांच्या दातांच्या तारा नुकत्याच काढल्या होत्या आणि ते टेबलामागे बसून कोमट दूध पीत होते. या खेपेला ती खुर्चीवर बसली आणि नक्कल टेबलावर ठेवली.

"लेबर हापिसरान पैला पान वाचल्यान," ती म्हणाली. "सुटलंस, बरा झाला, म्हणालो. चहा पण पाजल्यान. मगे दुसरा पान वाचल्यान."

दुसऱ्या पानावर काय होतं ते मला पाठ होतं.

"म्हणता, हात मेलो म्हणून मॅजिस्ट्रेटानच लिवल्यान हा. मेलेल्या हाताक मागार कसो घालू? काय अपघात झालो तर कोर्टच माका इचारतला."

सरांनी पेला खाली ठेवला. जबडा अजून पुरता उघडत नव्हता, शब्द दातांतून येत होते. "दुसरी लाथ," ते म्हणाले, "त्यासाठी होती."

मी त्या बाईला सांगू लागले की आपण गिरणीला पत्र लिहू, दुसऱ्या खात्यात हलकं काम मागू, मी स्वतः येऊन लेबर ऑफिसरशी बोलते. ती माझं सगळं बोलणं होईपर्यंत थांबली.

"तुमी बोललास तेवा माका कायएक कळूक नाय," ती म्हणाली. "पण तो हात तुमी धरलास आणि सगळे गप झाले, तेवा मी रडलंय. तुमचा सगळा लिवून घेतल्यानी. एक शब्द सांडूक नाय." तिनं नक्कल टेबलावरून उचलली, घडी घातली. "आता तुमी नको येव, बाय. गिरणीत तुमी काय बोलू नकात. मीच जातंय."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. पुढे तिनं गिरणीत काय सांगितलं कोण जाणे, पण त्याला माग मिळाला नाही. तिला मात्र त्याच गिरणीत, बदली कामगार म्हणून, सुताच्या कांड्या भरण्याच्या कामावर घेतलं. तो घरी बसून डाव्या हातानं भाकरी थापायला शिकतो आहे, असं त्यांच्या चाळीतल्या एका दुसऱ्या अशिलानं मला सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही.