न पिणाऱ्याचं सुजलेलं तोंड

सांतान सात वर्षं दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. त्याआधी मात्र त्याने अख्ख्या वाडीच्या वाट्याची पिऊन घेतली होती. त्यामुळे त्याचं तोंड सुजू लागलं तेव्हा निदान करायला आम्हाला डॉक्टर लागला नाही.

डोळे लाल, ओठ निळसर, मान कॉलरमध्ये मावेना. आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून खुर्चीत बसूनच झोपायचा. बायको तेरेझा रोज सकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा नाही. "व्होडका असतली," म्हणायची. व्होडकाला वास नसतो हे ज्ञान तिला कुठून मिळालं, देव जाणे.

मे महिन्यात वाडीतल्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, लदीन होते, सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. ती सांगायचा मान तीस वर्षं सांतानचा. संपली की उकडलेले चणे आणि एकेक पेग वाटतात; भक्ती कशावर जास्त, हे विचारू नये. एप्रिलात वाडीचा पुढारी क्रिस्टोफर, स्वतः तीन पेगांचा भाविक, म्हणाला, "सांतान, तुझा तोंड बघून लोक हसतत. औंदा लदीन मी सांगतंय."

सांतान घरी येऊन रडला. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून डायलिसिसचे हाल त्याने निमूट सोसले होते, हे मात्र सोसवेना.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस करणाऱ्या मुबश्शिराने त्याला शर्टाची बटणं काढायला लावली. छातीवर निळ्या शिरांचं जाळं. "अंकल, ह्या दारूचा न्हय. आतली मोठी शीर चोंदली हा." सुरुवातीला डायलिसिससाठी गळ्यातून घातलेली नळी बरेच महिने राहिली होती. त्या नळीमुळे शीर आतून आवळली आणि डोक्याकडून हृदयाकडे जाणारं रक्त अडलं. गोव्यातल्या डॉक्टरांनी कॅन्सर नसल्याची खात्री केली, जांघेतून तार वर नेली, फुग्याने शीर रुंद केली आणि तिथे जाळीदार स्टेंट बसवला. पुन्हा आवळली तर पुन्हा यावं लागेल, असंही बजावलं. दोन दिवसांत सांतानला मान परत मिळाली.

लदीनीला तो मागेच उभा राहिला. क्रिस्टोफरने त्याचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि लदीनीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. सांतानने लदीन सांगितली. आवाज एकदाही अडला नाही.

चणे वाटायच्या आधी तेरेझा उभी राहिली. "वर्षभर मी हेच्या तोंडाचो वास घेतलंय. एकदाय दारूचो वास येवक नाय. तरी माका होच खोटो वाटलो."

सगळे चण्यांकडे बघू लागले. सांतान तिच्याशेजारी जाऊन बसला.

"माका दारू सोडूक तीन महिने लागले," तो म्हणाला. "तुका ता खरा वाटाक सात वर्सां."