दोष गैरहजर

सरकारी कचेरीत कागद साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की जुने कागद जाळण्याची सोय असते. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या एका सरकारी फार्मवर मी कारकून होतो. तिथले किस्से मी रंगवून सांगतो, मित्र हसतात, मीही हसतो. एका जागी माझी नजर खाली जाते, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तोवर चहा आलेला असतो!

*

एका वर्षी फार्मवर टोकण यंत्र आलं. भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या मळ्यांत ट्रॅक्टरमागून भुईमुगाचे दाणे टोकत जायचं. त्याला एक इलेक्ट्रॉनिक पेटी होती. दाणा पडला नाही की पेटीवर लाल दिवा लागायचा आणि यंत्र आपोआप थांबायचं.

डिसेंबरात टोकणी सुरू झाली आणि ते दाणे पडत असतानाही थांबायला लागलं. कधी तासाभरात चारदा, कधी दिवसभर एकदाही नाही.

आमचा शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, अजून कायम झालेलं नाही, तरी कामचुकारपणा बघा!"

*

मुंबईहून कंपनीचे इंजिनिअर आले. दुपारच्या उन्हात त्यांनी दोन तास यंत्र चालवलं. एकदाही थांबलं नाही. माझ्याकडे संशयाने बघत ते सुरमई जेवले आणि एसटीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला.

मी नोंदवहीत लिहिलं, 'तंत्रज्ञ आले असता दोष गैरहजर.'

साहेबांना वाक्य फार आवडलं. यंत्राचं काय करायचं, यावर ते काही बोलले नाहीत.

*

यंत्र चालवायचा गंगाराम. नऊ वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी माझ्या टेबलावर होता. त्याने शेडच्या दारावर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. यंत्र थांबलं की एक रेघ, आणि त्या दिवशी दंव असेल तर शेजारी एक टिंब. जवळजवळ प्रत्येक रेघेशेजारी टिंब होतं.

"भाऊसाहेब, दव पडला का ता थांबता, ऊन चढला का चलता. पेटीखालचा प्लग खोलून बगूया."

"तुला इलेक्ट्रॉनिक्स कधीपासून कळायला लागलं?"

"मला नाय कळत. कवा थांबता, ता कळता."

मी नोंदवही उघडून दाखवली. तीत हवामानाचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून प्लग खोलायला परवानगी नाही. हे सगळं मी त्याला अभिमानाने समजावून सांगितलं!

*

मग प्रात्यक्षिक ठरलं. लांज्याचे, गुहागरचे शेतकरी आले. वेळ सकाळी आठची. ती मीच पत्रकावर टाइप केली होती. यंत्र दहा पावलं गेलं आणि थांबलं. पुन्हा दहा पावलं, पुन्हा थांबलं.

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "साहेब, ह्याच्यापेक्षा माजी बायको बरी. ती थांबली तर कारण तरी सांगते!"

सगळा मळा हसला. साहेब सोडून.

"जबाबदार कोण, ते संध्याकाळपर्यंत लेखी पाहिजे," ते मला म्हणाले.

मी टाइप केलं, 'चालकाने यंत्र धुताना निष्काळजीपणे पेटीत पाणी जाऊ दिले असावे.' 'असावे' घातलं, म्हणजे माझी सदसद्विवेकबुद्धी जागी होती. साहेबांनी तेवढाच शब्द खोडून 'आहे' केलं.

*

इंजिनिअर पुन्हा आले. या वेळी गंगारामने त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं आणि सकाळी सातला मळ्यात नेलं. दिवा लागला! त्याच जागी त्यांनी पेटीखालचा प्लग खोलला. आत मुंग्या. इंजिनिअरांनी आतला, दंवाने ओला झालेला चिकटा बोटाने पुसून जिभेला लावला.

"गोड आहे हो!"

प्लगमागे नारळाची शेंडी अडकली होती. चार बोटं लांब.

खंडेनवमीला फार्मवर अवजारांची पूजा व्हायची. नारळ वाढवायचा मान साहेबांचा नव्हे, कचेरीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ कारकुनाचा. त्या वर्षी त्याने तो ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडावर फोडला होता आणि सगळ्यांत महागडी वस्तू म्हणून सगळं पाणी भक्तिभावाने पेटीवर ओतलं होतं.

"नारळ कुणी फोडला?" इंजिनिअरांनी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून," मी म्हणालो.

गंगाराम प्लग पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही. मी इंजिनिअरांना बाजूला घेऊन म्हटलं, अहवालात नुसतं 'पाणी' लिहिलंत तरी चालेल. त्यांना गाडी गाठायची होती. त्यांनी तसं लिहिलं.

*

दुपारी साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. समोर अहवाल होता.

"पाणीच गेलं होतं. म्हणजे धुतानाच ना?"

प्रश्न मला होता. मी नोंदवहीची पानं उलटत राहिलो. जे पान मी शोधत होतो, ते त्या वहीत नव्हतं.

"होय साहेब," गंगाराम म्हणाला, "माज्याच हातना गेला असल."

साहेबांनी त्याला लेखी ताकीद द्यायला सांगितलं. लिहायची अर्थातच मी.

व्हरांड्यात आल्यावर मी हळूच विचारलं, "गंगाराम, नारळ कुणी फोडला ते तुला ठाऊक आहे. मग असं का सांगितलंस?"

"साहेब काय, दोन वर्सांनी बदलून जातील," तो म्हणाला. "माजा कागद तुमच्या टेबलावर हाय, भाऊसाहेब. द्या ती वही, जड हाय, मी नेतो."