पालथं पडून घेतलेली दुर्बीण

पंचेचाळिशी उलटल्यावर मी रायफल हातात घेतली. शाळेतल्या मुलींना घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेले होते. तिथले प्रशिक्षक गमतीनं म्हणाले, "बाई, तुम्हीही मारून बघा," आणि मी मारून बघितलं. मुली पुढच्या वर्षी कबड्डीकडे वळल्या, मी राहिले. आधी दहा मीटर, मग पन्नास. पन्नास मीटरला पोटावर झोपून नेम धरायचा असतो. तळेगावात विज्ञान शिकवणारी, जाड चष्म्याची, मानेचा पट्टा कपाटात बाळगणारी बाई रविवारी सकाळी पालथी पडून गोळ्या झाडते, याचं आमच्या सोसायटीत बरेच दिवस हसू होतं. हसणारे कंटाळले, मी नाही कंटाळले.

पन्नास मीटरवर अडचण वेगळीच निघाली. गोळीनं कागदाला पडणारं भोक हरभऱ्याच्या डाळीएवढं. काळ्या वर्तुळातलं ते काळं भोक नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्य नाही. म्हणून नेमबाज शेजारी छोट्या स्टँडवर एक दुर्बीण ठेवतात, स्पॉटिंग स्कोप म्हणतात तिला. गोळी मारायची, रायफल न हलवता मान जराशी वळवायची, कुठे लागली ते बघायचं आणि पुढची भरायची. मी फोनवरूनच एक मागवली होती. खोक्यावर साठ पट असा ठसठशीत आकडा होता, त्यालाच भुलले.

विभागीय स्पर्धेत माझी पाळी भर दुपारी आली. दुर्बिणीत सगळं तरंगत होतं. एक डाग मला वर्तुळाच्या वरच्या कडेला दिसला, वाटलं गोळ्या वर जातायत. मी रायफलची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, खाली घेतली. पुढचा डागही वरच दिसला, आणखी खाली घेतली. कागद हातात आला तेव्हा सुरुवातीच्या गोळ्या ऐन मध्यात होत्या आणि नंतरच्या पायऱ्या उतरल्यासारख्या खाली खाली गेलेल्या. वरच्या कडेला भोक नव्हतंच. राज्य स्पर्धेची पात्रता हुकली. वाईट मारलं असतं तर सोसलं असतं, पण चांगलं मारून आपल्याच हातानं बिघडवलं, हे काही केल्या गिळवेना.

घरी नवरा म्हणाला, "मग सगळ्यात महागातली घेऊन टाक. प्रश्न मिटला."

"महाग असो की स्वस्त, मी झोपून बघितल्याशिवाय आता काही घेणार नाही."

"दुकानात झोपणार?"

"दुकानात झोपणार."

पुण्यातलं दुकान दुर्बिणींचंच होतं. मालक साठीकडे झुकलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले, बोलायला मऊ. त्यांनी दुर्बीण टेबलावर लावली आणि मला खुर्ची दिली. मी पिशवीतून चटई काढली, फरशीवर अंथरली आणि पालथी पडले. लहान मुलाला घेऊन आलेलं एक जोडपं बाजूला सरकलं.

"अहो मॅडम! बरं वाटत नाहीये का?"

"मला बरंच वाटतंय. दुर्बीण जरा खाली द्या. मी खुर्चीत बसून नेम धरत नाही."

पहिल्या दुर्बिणीची बघायची काच नळीच्या सरळ रेषेत होती. तिच्यात बघायला हनुवटी नागासारखी वर काढावी लागत होती. दोनदा काढली आणि मानेतून कळ खांद्यापर्यंत गेली. "ही नको." दुसरीची काच वर तिरकी वळलेली. डोकं नुसतं कलतं केलं की डोळा आपोआप तिच्यावर. तिरकी हवी, एवढं फरशीवरच ठरलं. पण खरी परीक्षा दुकानात होणार नव्हती. समोरच्या गल्लीत बघायचं तर मध्ये दुचाक्या आणि माणसं.

"मला या उन्हात बघायच्यात," मी उठून कपडे झटकत म्हणाले. "मोकळ्या रानात, भर दुपारी."

"दुपारी कशाला? सकाळी झकास दिसतं."

"सकाळी झकास दिसतं म्हणूनच दुपारी बघायचंय."

मालक म्हणाले, रविवारी ते लोणावळ्याला मुलीकडे येणार होते. तिथून जवळच औंढ्याला आमचं शेत आहे असं मी म्हटल्यावर त्यांनी तिरक्या काचेच्या दोन दुर्बिणी आणायचं कबूल केलं. "पण काचेवर ओरखडा आला तर घ्यावी लागेल हां," असंही बजावलं.

औंढ्याला माझी थोरली जाऊ असते. रविवारी दुपारी मालक दुर्बिणी घेऊन तिथे आले. भात काढून झालेलं, खाचरात नुसती धसकटं. मोजायची टेप धरून पन्नास मीटर मोजले. रेंजवरून आणलेला, भोकं पडलेला जुना कागद जाऊबाईंनी पेंढ्याच्या गंजीला काट्यांनी टोचला. मी पोत्यावर पालथी पडले. ऊन पाठीवर चटके देत होतं.

"आगं, बांधावरनं जाणारी मानसं इचारत्यात, सुनंला काय झालं, अशी पालथी का पडलीया?" जाऊबाई तिकडून ओरडल्या.

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, नेम धरतीया. आनि काय सांगनार?"

आधी मोठी दुर्बीण लावली. मालकांची शिफारस हीच होती. "रेंजवाले सगळे हीच नेतात," ते म्हणाले. तोंड भरभक्कम, चित्र पहिल्या नजरेला देखणं. पट वाढवत नेली आणि तापल्या खाचरावरची हवा तिच्यात आधणासारखी उकळायला लागली. शिवाय चष्म्यामुळे डोळा काचेपासून लांब राहायचा आणि चित्राभोवती काळं कडं यायचं, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. चष्मा काढून चालणार नव्हतं.

मला एक कल्पना सुचली. "जाऊबाई, खिळा घ्या. मी तोंड फिरवते. कुठंही एक भोक पाडा, मला सांगू नका."

त्यांना हा खेळ लय आवडला. एकदा पाडलं, मी ओळखलं. दुसऱ्यांदा पाडलं, ओळखलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "झालं! सांग आता."

मी डोळे ताणून बघितलं. डाग थरथरत होता. "वरती. जरा डावीकडे."

"पाडलंच न्हाई!" आणि त्या गंजीला टेकून खदखदून हसल्या.

मला हसू आलं नाही. तो स्पर्धेतलाच डाग होता, नसलेला.

मग धाकटी लावली. तोंड लहान, पट कमी, पण डोळा लांब ठेवूनही वर्तुळ पूर्ण दिसत होतं. हवा तिच्यातही हलत होती, पण चित्र विस्कटत नव्हतं. एकमेकांना चिकटलेली दोन भोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखी स्पष्ट दिसली. जाऊबाईंनी पुन्हा खेळ मांडला. खाली उजवीकडे, ओळखलं. अगदी मध्याजवळ, ओळखलं. मग आवाज आला, "झालं!"

मी वेळ घेतला. कागदाचा कोपरान् कोपरा फिरून आले.

"नाही पाडलेलं."

"कशावरनं?"

"असतं तर दिसलं असतं."

"व्हय गं, न्हाई पाडलं," त्या म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या नाहीत.

मालकांनी खिशातून रुमाल काढला, पोत्यावर अंथरला आणि इस्त्रीच्या पँटनिशी पालथे पडले. दोन्ही दुर्बिणींत आळीपाळीनं बघितलं. "मोठीची पट कमी केली तर तीही बरी दिसते," म्हणाले.

"चष्म्याचं कडं राहतंच."

"ते राहतं," त्यांनी मान्य केलं. मी धाकटी घेतली. जाऊबाईंनी त्यांना वरण-भात खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतरचं वर्ष सरावाचं. मी मुद्दाम दुपारची वेळ मागून घ्यायचे. स्टँड किती उंच, किती डावीकडे, हे शोधण्यातच कित्येक रविवार गेले. पाठीला घाम, कोपरांना घट्टे, घरी आलं की मानेला गरम पाण्याची पिशवी. नवऱ्यानं एकदा विचारलं, "अजून किती दिवस?" मी म्हटलं, "जमेपर्यंत," आणि त्यानं पिशवी बदलून आणली.

पुढची विभागीय स्पर्धा आली. मध्यावर असताना डावीकडून वारा सुटला. दुर्बिणीत बघितलं तर ताजं भोक मध्याच्या उजवीकडे. पुढची गोळीही त्याच्याच शेजारी. साइटला हात घातला आणि क्षणभर थांबले. मग परत बघितलं. दोन्ही भोकं जिथल्या तिथे होती, कडा धारदार. आहेत, खरोखर आहेत. साइट डावीकडे घेतली, श्वास सोडला, मारली. डोकं कलतं केलं. मध्यात.

पहिली-दुसरी नाही आले. माझ्याहून निम्म्या वयाच्या पोरी कितीतरी पुढे होत्या. पण पात्रतेच्या यादीत खालच्या बाजूला माझं नाव लागलं. औंढ्याला फोन केला. जाऊबाई गोठ्यात होत्या, म्हशीचा आवाज येत होता.

"राज्याला जायचंय मला," मी म्हटलं.

"मंग जा की," त्या म्हणाल्या. "कुटं हाय ते सांग, मी बी येते."